बिब्ब्याआधीचा डाग

"हा बिब्ब्याचा डाग नाही. हा मेलानोमा आहे."

लातूरच्या दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी हे सांगितलं, तेव्हा दुपारचे बारा वाजत आले होते आणि आमचा टोकन नंबर एकतीस होता. मेलानोमा म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर, हे त्यांनी पुढच्याच वाक्यात समजावलं. माझी बायको शकुंतला उजवी टाच जमिनीला टेकू न देता बसली होती. कॅन्सर हा शब्द तिनं ऐकला. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

मॅडमनी पेन उचललं. "बिब्बा घालण्याआधी त्या जागी काही काळं होतं का?"

"नाही," मी म्हणालो. "बिब्ब्यानंतरच काळं झालं."

हे खोटं होतं. आणि हे खोटं मी दुसऱ्यांदा बोलत होतो. पहिल्यांदा बोललो त्यालाही वर्ष होत आलं होतं.

मी मुळात कमी बोलणारा माणूस. घरात काय झालं ते बाहेर सांगायची मला सवय नाही, आणि मनातलं घरात सांगायचीही नाही. तरी हे लिहितोय, कारण तुमच्याही घरात कुणीतरी तळपाय पुढे करून विचारेल, "बघा हो, काय झालंय?" त्या वेळी तुम्ही काय उत्तर देता, यावर पुष्कळ अवलंबून असतं.

मी विज्ञानाचा शिक्षक. सध्या नांदेडला असतो, पण नोकरीची पहिली अकरा वर्षं किनवट तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत काढली. तिथली मुलं जंगलातून अनवाणी यायची. रोज कुणाच्या ना कुणाच्या पायात काटा. वसतिगृहाच्या स्वयंपाकीण मावशींनी मला बिब्बा घालायला शिकवलं. बिब्बा म्हणजे जंगलातलं एक काळं फळ. ते सुईला टोचून दिव्यावर धरलं की तेल सुटतं, आणि ते उकळतं तेल काटा मोडलेल्या जागी टेकवायचं. चटका बसतो, कातडी काळी पडते, आणि पुष्कळदा ठणका थांबतो. मुलं मला काटेवाले सर म्हणायची. मला ते आवडायचं.

लातूरच्या त्या दुपारच्या दोनेक वर्षं आधी आमच्या मुलीला, अश्विनीला, तलाठ्याची नोकरी लागली. शकुंतलेनं माहूरच्या देवीला नवस बोलला होता की पोरीला नोकरी लागली की गडाच्या पायऱ्या अनवाणी चढेन. किल्लारीहून तिचा भाऊ दिगंबर स्वतःची जीप घेऊन, चार नातेवाईक भरून येणार होता. निघायच्या आदल्या दिवशी शकुंतला घरात लंगडायला लागली.

"काटा मोडला जणू. बघा की जरा."

ती पलंगावर पालथी झोपली. मी चष्मा लावला, सुई घेतली. काटा नव्हता. टाचेच्या आतल्या कडेला तुरीच्या डाळीएवढा एक काळा डाग होता. त्याची एक कड ओल्या कागदावर शाई पसरावी तशी फिसकटलेली होती. सुईनं वर टोकरून पाहिलं. निघाला नाही.

"अहो, काळं हाय का लाल?" तिनं उशीत तोंड ठेवून विचारलं.

तिच्या माहेरी एक रीत आहे. काटा मोडलेली जागा लाल असली तर घरी बघायचं, काळी पडली असली तर डॉक्टरकडे जायचं. हे मला माहीत होतं. काळं म्हणालो असतो तर माहूर रद्द. जीप यायची ठरलेली, माझी रजा मोठ्या मुश्किलीनं मंजूर झालेली, आणि काटे तर मी आयुष्यभर काढलेले.

"लालसर आहे," मी म्हणालो. "बिब्बा घातला की बसेल."

आणि त्या डागावरच मी बिब्बा घातला.

दुसऱ्या दिवशी ती माहूरच्या सगळ्या पायऱ्या चढली. दर दहा पायऱ्यांवर थांबत होती. दिगंबर मागून ओरडत होता, "अक्के, दाजीनं डाग दिलाय म्हणून बैल जरा जोरात पळंल वाटलं व्हतं!" सगळे हसले. तीही हसली. मीसुद्धा.

त्या दिवसापासून टाचेवरच्या त्या काळ्याला घरात नाव मिळालं, बिब्ब्याचा डाग. एकदा नाव मिळालं की माणूस त्या गोष्टीकडे बघत नाही. माझ्या बाबतीत तर मला बघायचंच नव्हतं.

दहा महिन्यांनी, थंडीत टाचांना भेगा पडल्या तेव्हा तिनंच नांदेडच्या एका त्वचारोग डॉक्टरांकडे जायचा हट्ट धरला. तोवर डाग एक रुपयाच्या नाण्याएवढा झाला होता. डॉक्टरांनी टॉर्च मारून पाहिलं.

"हे काय आहे?"

शकुंतलेनं तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "बिब्ब्याचं आहे, डॉक्टर."

त्यांनी बरोबर प्रश्न विचारला होता. "त्याच्या आधी तिथे काळं नव्हतं ना?"

"नाही."

का बोललो असेन? ती शेजारी बसली होती म्हणून. तिला मी लाल सांगितलं होतं. डॉक्टरांसमोर काळं म्हणालो असतो तर ती माझ्याकडे वळून बघणार होती, आणि ते बघणं मला नको होतं. एवढंच कारण. याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

डॉक्टरांनी भाजल्यानंतर राहिलेला काळेपणा असं निदान लिहिलं, दोन महिने लावायला मलम दिलं, आणि बजावून सांगितलं की कमी झालं नाही तर परत या, तुकडा काढून तपासू. दोन महिन्यांनी बोर्डाच्या परीक्षा होत्या, माझी केंद्रावर ड्युटी होती. मग उन्हाळा आला, मग ॲडमिशनं आली. मलमाची ट्यूब संपली की मी नवी आणत होतो. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांना मीच चुकीच्या वाटेला लावलं होतं.

पुढच्या डिसेंबरात शकुंतला भाचीच्या लग्नाला किल्लारीला गेली. तिथे हळदीच्या दिवशी तिच्या पायाला हळद लावताना बायकांच्या हाताला रक्त लागलं. डाग मधोमध उकलला होता. दिगंबरनं पाय पाहिला आणि मला फोन केला.

"दाजी, हे बिब्ब्याचं न्हाई. बिब्बा उतरतो की! महिनाभरात कातडी सुटती. हे दोन वर्सं झालं वाढूनच राह्यलंय. तुम्ही मास्तर ना, मग काय बघत बसलात?"

लग्न आटोपताच दुसऱ्या दिवशी त्यानं तिला जीपमध्ये घातलं आणि लातूरला नेलं. मी नांदेडहून बसनं पोचलो.

लातूरच्या मॅडमनी टाचेवर एक छोटं यंत्र टेकवलं. त्याला डर्मोस्कोप म्हणतात, म्हणजे आतून उजेड असलेलं भिंग. त्यांनी मला मोबाइलच्या पडद्यावर दाखवलं. आपल्या तळपायावर बोटांच्या ठशांसारख्या रेघा असतात, त्यांना उंचवटे असतात आणि खाचा असतात. साध्या तिळाचा रंग बहुतेक वेळा खाचांमधून धावतो. इथे रंग उंचवट्यांवर होता. "हे मला आवडलेलं नाही," त्या म्हणाल्या. त्यांनी बायोप्सी केली, म्हणजे डागाचा छोटा तुकडा तपासणीला काढला. शकुंतला ड्रेसिंगला गेली तेव्हा त्वचेच्या कॅन्सरचा संशय असल्याचं त्यांनी मला एकट्याला सांगितलं.

"उन्हामुळे होतो ना हा? मग तळपायाला कसा?" मी विचारलं. विज्ञान शिकवणारा माणूस मी, मला एवढंच ठाऊक होतं.

"गोऱ्या कातडीला उन्हाचा संबंध जास्त असतो. आपल्याकडे तो तळवा, तळपाय, नखाखाली निघतो. तिथे ऊन कुठे पोचतं? आणि आमच्या पुस्तकांतले बहुतेक फोटो गोऱ्या कातडीचे. त्यावर शिकून आम्ही तुमचे पाय तपासतो."

इथून सुरू झाला तो सगळा वैताग. पहिला रिपोर्ट आठ दिवसांत मिळणार होता. आठव्या दिवशी नांदेडहून पहाटेची बस धरून पोचलो, तर खिडकीवरचा माणूस म्हणाला, "आला न्हाई." अकराव्या दिवशी आला, त्यात लिहिलं होतं की नक्की सांगता येत नाही, खास रंग वापरून पुन्हा तपासावं. याला इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री म्हणतात. त्यात पेशींना असे रंग देतात की रंग बनवणाऱ्या पेशी वेगळ्या ओळखू येतात. त्यासाठी तुकडा दुसऱ्या शहरात गेला. किती दिवस? "सांगता येणार न्हाई, सर." फोन करावा तर लागायचा नाही, लागला तर "तुम्ही यायला पाहिजे." गेलो की "तुम्ही फोन करून यायला पाहिजे."

सरकारी योजनेच्या कागदावर तिचं नाव शकुंतलाबाई, आधारवर शकुंतला. या एका 'बाई'साठी मी तीन दिवस तीन टेबलं फिरलो. तिसऱ्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "या दोन वेगळ्या बायका असू शकतात ना, सर." शकुंतला माझ्या मागेच उभी होती. "दुसरी सापडली तर तिलाच पाठवा ऑपरेशनला," ती म्हणाली.

मी तिथे फार चिडलो, टेबलावर हात आपटला. आज कबूल करतो, मला चिडायला आवडत होतं. त्या अकरा दिवसांवर, त्या तीन टेबलांवर मी जेवढा आरडाओरडा केला, त्यानं माझे बावीस महिने झाकले जात होते.

दुसरा रिपोर्ट आला. तीच वर सांगितलेली दुपार.

त्याच खोलीत एक तरुण डॉक्टर बसायचे. ते आणि मॅडम मिळून तळहात, तळपाय आणि नखांवरच्या अशा डागांचा अभ्यास करत होते. आपल्या लोकांच्या कातडीचे फोटो गोळा करायचे, प्रत्येक डागाची हकिकत लिहायची, म्हणजे पुढच्या डॉक्टरांना, आणि म्हणे कॉम्प्युटरलाही, असा डाग लवकर ओळखायला शिकवता येईल. आम्ही संमती दिली. फॉर्मवर एक प्रश्न होता. घरगुती उपाय करण्याआधी त्या जागी डाग होता का? होय किंवा नाही.

मी नाही वर खूण केली.

"म्हणजे आधी स्वच्छ कातडी, मग चटका, मग मेलानोमा," तरुण डॉक्टर उत्साहानं म्हणाले. "दाबानं, जखमेनं हा होतो का, यावर अजून नीट उत्तर नाही. तुमची केस महत्त्वाची आहे, सर."

मी मान हलवली.

ऑपरेशन झालं. डागाभोवतीची चांगली कातडीही घेऊन टाचेचा मोठा भाग काढला आणि मांडीची कातडी काढून तिथे लावली. जांघेतली एक गाठही काढली. तिला सेंटिनल नोड म्हणतात, पहारेकरी गाठ म्हणा. कॅन्सर पायातून वर निघाला तर आधी तिथे अडकतो. त्या गाठीचा रिपोर्ट यायला पुन्हा बारा दिवस.

या बारा दिवसांत किल्लारीत बातमी पसरली की मास्तरांनी बिब्बा घातला म्हणून अक्काला कॅन्सर झाला. दिगंबर स्वतः सांगत सुटला होता. मला भेटल्यावर म्हणाला, "दाजी, राग मानू नका, पण गावात दोघांनी बिब्बे फेकून दिले तुमच्या पायी." मी खाली मान घालून ऐकून घेतलं. त्यात मला एक घाणेरडा आराम वाटला. जुन्या रीतीवर विश्वास ठेवून चुकलेला नवरा, ही शिक्षा मला परवडत होती. काळं बघून लाल सांगणारा नवरा कुणाला माहीत नव्हता.

गाठीत पेशी सापडल्या. थोड्या, पण सापडल्या.

मॅडमनी पुढचे उपचार सांगितले. इम्युनोथेरपी, म्हणजे शिरेतून द्यायचं औषध. ते कॅन्सरला स्वतः मारत नाही, शरीराच्या शिपायांना कॅन्सर ओळखायला लावतं. मी कसंबसं विचारलं, "आधी आलो असतो तर?"

"आधी आलेलं नेहमीच बरं. तुमच्या बाबतीत नेमका किती फरक पडला असता, ते मी सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकणार नाही."

त्या मला दोषीही ठरवत नव्हत्या आणि सोडतही नव्हत्या.

बाहेर पडताना तरुण डॉक्टर भेटले. म्हणाले, पुढच्या महिन्यात ते डॉक्टरांच्या बैठकीत ही केस मांडणार आहेत, चटक्यानंतर झालेला मेलानोमा म्हणून. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. प्रयोगवहीत पोरांनी शेजाऱ्याचं निरीक्षण उतरवलं की मी अर्धे गुण कापतो. दिसलं तेच लिहा, असं तीस वर्षं ओरडत आलो. आणि माझं खोटं निरीक्षण आता डॉक्टरांपुढे जाणार होतं. उद्या कुणाच्या तरी टाचेवरचा काळा डाग कुणीतरी बघेल आणि म्हणेल, याला कुठे चटका बसलाय, याला काही होत नाही.

मी वॉर्डात गेलो. ड्रेसिंग नुकतंच बदललं होतं. शकुंतला भिंतीला टेकून मोसंबी सोलत होती.

"मला काळं दिसलं होतं," मी म्हणालो.

"काय?"

"माहूरच्या आदल्या दिवशी. बिब्बा घालायच्या आधी. काटा नव्हताच. काळा डाग होता."

तिनं मोसंबी खाली ठेवली. "म्या इचारलं व्हतं तुम्हाला."

"हो."

"काळं हाय का लाल, असं इचारलं व्हतं."

"हो."

तिनं गुंडाळलेल्या पायाकडे बोट केलं. "मला काय माझा तळपाय दिसत न्हाई. म्हणून तर तुम्हाला इचारलं. दिसत असता तर कशाला इचारलं असतं?"

रडलो असतो तर तिलाच माझी समजूत काढावी लागली असती, म्हणून तेवढं आवरलं.

"पोरांचे काटे काढून काढून तुम्हाला सगळ्या जगात काटाच दिसाया लागला," ती म्हणाली. मग आवाज बदलला. "जा आधी. त्या डॉक्टरला सांगा. कागद नीट करा. आपलं झालं ते झालं, दुसरीचं कशाला?"

मी गेलो. तरुण डॉक्टरांचा चेहरा पडला, आणि थोडा वेळ ते माझ्यावर चिडलेही. त्यांचा महिनाभराचा विचार मी मोडला होता. मॅडमनी फॉर्म मागवला. 'नाही' वरची खूण खोडून मी 'होय' वर केली, शेजारी सही केली, आणि त्यांनी सांगितलं म्हणून खाली चार ओळी लिहिल्या: डाग आधीच होता, तुरीच्या डाळीएवढा, एक कड फिसकटलेली, काटा नव्हता.

"लोक डाग लपवत नाहीत," मॅडम म्हणाल्या. "तारीख लपवतात. आमचं अर्धं काम तिथेच अडतं."

दिगंबरलाही मीच फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "मग बिब्ब्याला उगीच बदनाम केलं म्हणा की." आणि फोन ठेवला. पुढचे दोन महिने तो माझ्याशी बोलला नाही. ते बरोबरच होतं.

शकुंतला बोलायची, पण कामापुरतं. गोळी द्या, खिडकी लावा. घरी आल्यावर तिनं अश्विनीकडून लांब दांड्याचा आरसा मागवला. दर रविवारी अंघोळीनंतर ती आरसा पायाखाली धरून स्वतःचा तळपाय बघायची, मोबाइलवर फोटो काढायची. मी खोलीत असलो तरी मला विचारायची नाही. महिनोन्महिने असं चाललं. इंजेक्शनासाठी लातूरला जायचो, बसमध्ये शेजारी बसायचो, आणि आमच्यात तो आरसा असायचा.

ती बरी झाली असं म्हणता येत नाही. उपचार चालू आहेत, दर तीन महिन्यांनी तपासणी आहे, आतापर्यंतचे स्कॅन स्वच्छ आहेत. चालताना ती टाच जपून टाकते. हे असंच चालायचं, असं मॅडमनी सांगितलंय.

तुम्हाला एवढंच सांगतो. घरातल्या माणसाचे तळपाय बघा, नखं बघा, बोटांच्या बेचक्या बघा. वाढणारा, कड पसरणारा, नखाखाली काळी रेघ ओढणारा डाग दिसला की डॉक्टरांना दाखवा. आणि रोग्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर रोग्यालाच देऊ द्या. आपल्याला विचारलं तर जे दिसलं ते सांगा.

मागच्या रविवारी मी पेपर तपासत बसलो होतो. शकुंतला आरसा घेऊन पलंगावर होती. बराच वेळ ती पाय इकडून तिकडे वळवत राहिली. मग आरसा बाजूला ठेवला, पालथी झाली आणि पाय माझ्याकडे केला.

"बघा हो. कडेला काहीतरी वाटतंय. काय हाय?"

मी चष्मा पुसला. खिडकी उघडून उजेड घेतला. लावलेल्या कातडीच्या कडेला मोहरीएवढा एक ठिपका होता.

"काळसर आहे," मी म्हणालो. "मोहरीएवढा. मागच्या रविवारच्या फोटोत नाही."

तिनं उशीतून तोंड वर केलं. मग म्हणाली, "उद्याची पहिली बस किती वाजता?"

सोमवारी मॅडमनी डर्मोस्कोप टेकवला, बराच वेळ पाहिलं, वरून हलकेच खरवडलं आणि कापूस आम्हाला दाखवला. वाळलेलं रक्त होतं. नव्या चपलेनं घासलेलं. "पण आलात हे फार चांगलं केलंत," त्या म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये चाकूरच्या पुढे शकुंतलेला झोप लागली. मी तिच्या पायाखाली माझी पिशवी सरकवली. तिची टाच वाचवणाऱ्या, माझ्यावर चिडणाऱ्या, मला खोडून लिहायला कागद देणाऱ्या सगळ्यांचे माझ्यावर उपकार आहेत. पण सगळ्यात मोठा उपकार त्या रविवारचा. हातात आरसा असताना तिनं मला विचारलं.